अजिंक्य नारळाचा साचा

महादूचा अंगठा मेणाच्या नारळावरून फिरत फिरत तिसऱ्या डोळ्यावर थांबला. त्याने चष्मा कपाळावर ढकलला आणि नारळ नाकाशी नेला.

"वर्षाली, ह्यो डोळो बघ गो."

त्याची मुलगी प्लास्टर कालवत होती. मेणावर प्लास्टरचा साचा चढवायचा, मेण वितळवून काढायचं, रिकाम्या जागेत काच वितळवायची आणि मग चार दिवस भट्टीचं दार उघडायचं नाही. शिरोड्यात ओतीव काचेचं काम करणारं हे एकच घर. त्यामुळे भिकाजीला इथेच यावं लागलं होतं. नाइलाज दोन्हीकडून होता.

गेल्या वर्षी, २००८च्या नारळी पौर्णिमेला, भिकाजीच्या नारळाने त्रेचाळीस नारळ फोडले. नारळावर नारळ आपटायचा, फुटेल तो हरला, आणि फुटका जिंकणाऱ्याने न्यायचा. त्रेचाळिसावा महादूचा, त्याचे पाच तुकडे झाले. तेव्हापासून महादू कुणाकडेही जेवायला बसला, की सोलकढी वाढताना यजमान म्हणायचा, "घे रे, तुझ्याच नारळाची आसा."

आता भिकाजीला तो नारळ काचेत हवा होता, नाक्यावर मांडायला. मूळचा सुकत चालला होता. वर्षाली तो कोल्हापूरला घेऊन गेली, भिकाजीही सोबत गेला. एसटीत भिकाजीने नारळाचं अर्धं तिकीट काढलं. तिथल्या कारखान्यात लेझरने नारळ मोजून संगणकात घातला आणि मशीनने तस्साच मेणात कोरून दिला.

वर्षालीने हात पुसले आणि वाकून पाहिलं. दोन डोळे खडबडीत होते. तिसरा, जिथून कोंब येतो तो, गुळगुळीत आणि सपाट.

"मशीन चुकला?"

"चुकात कशाक? जा होता ता कोरल्यान. डोळो टोचून आतसून भरल्यान आणि वरसून बुजवल्यान भिकाजीन."

"पण पंचांनी हलवून बघितलेलो मा?"

आत पाणी वाजतं का ते नारळ कानाशी हलवून पाहायचं काम धोंडूआजोबांचं होतं. त्यांना ऐकू येत नाही हे गावाला ठाऊक होतं, पण मान त्यांचा होता.

महादू हसला. वर्षभरात पहिल्यांदाच.

"ऱ्हवांदे असोच. काचेत लख्ख दिसतलो. नाक्यावर ऱ्हवान सगळो गाव बघतलो."

"लोक म्हणतले, बाबांनीच मुद्दाम केल्यानी."

"माका काय करूचा नाय. बघणाऱ्याक कळतला." त्याने नारळ तिच्यापुढे धरला. "ही होडयेक लावतत ती लांबी. लाख न्हय. लाख थंड झाली की आत बसता, डोळ्याकडे खड्डो पडता. मगे एक दणको बसलो की थयसूनच फुटता, पाच तुकडे."

घमेल्यातलं प्लास्टर कडेने घट्ट होऊ लागलं होतं.

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "लाख बसता ह्या तुमका कसा म्हायत?"

महादूने नारळ मांडीवर ठेवला. चष्मा कपाळावरून काढला, पंच्याने पुसला, परत डोळ्यांवर चढवला.

"मेण कोरूची सुई तापव," तो म्हणाला. "मशीनान एक डोळो चुकवल्यान."