बडनेऱ्यापर्यंत एकवचन

दिनांक १६ नोव्हेंबर २०२५, रविवार. स्थळ : अमरावती, राजापेठ भागातील खारोडे इंग्रजी शिकवणीवर्गाचे कार्यालय. या दिवशी, या स्थळी, इंग्रजी भाषेतील एका क्रियापदाची रीतसर वाटणी करण्यात आली. इंग्लंडास त्याची खबर अद्याप देण्यात आलेली नाही.

वाद असा होता. वर्गाच्या अमरावती आणि अकोला या दोन्ही शाखांत एकच सराव परीक्षा झाली. तीत एक वाक्य होते : आरंभी ‘व्हॉट वी नीड’, म्हणजे ‘आम्हाला जे हवे आहे ते’, मग रिकामी जागा, शेवटी ‘बुक्स’. रिकाम्या जागी एकवचनी ‘इज’ भरावे की अनेकवचनी ‘आर’, एवढाच प्रश्न. अमरावतीचे शाखाप्रमुख नितेश धोटे यांनी ‘इज’ला गुण दिला आणि अकोल्याच्या शाखाप्रमुख दीपमाला गावंडे यांनी ‘आर’ला. मुलांनी मोबाइलवर उत्तरे ताडून पाहिली आणि पालकांचे फोन सुरू झाले. चौकात लावायच्या फलकावर पहिला क्रमांक कोणाचा छापावा, हे कोणालाच सांगता येईना.

कार्यालयात भिंतीलगतच्या खुर्चीवर रुबीना बसली होती. अचलपूरहून एसटीने ये-जा करून ती अमरावती शाखेत हंगामी म्हणून शिकवीत असे. अकोल्याची कायम जागा तिला द्यायची, असे ठरले होते. नेमणुकीच्या कागदावर त्याच दिवशी सही व्हायची होती. अकोल्यात तिने खोलीही पाहून ठेवली होती.

सही करणार होते संस्थापक पुंजाराम खारोडे. त्यांना इंग्रजी येत नसे आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. एवढ्या एका बाबतीत ते आपल्या शिक्षकांपेक्षा प्रामाणिक होते. शिकवणीवर्ग काढण्यापूर्वी ते तिवसा भागात शेताच्या धुऱ्यांची, म्हणजे बांधांची, भांडणे मिटवीत. त्यांची रीत ठरलेली होती : दोघांचे ऐकायचे, मधोमध दगड रोवायचा आणि गूळ फोडायचा. गूळ खाल्ल्यावर जो पुन्हा वाद काढील, त्याला गाव उभे करीत नसे. धुरा मुळात कोठे होता, हा प्रश्न या रीतीत उद्भवतच नाही. म्हणूनच ती इतकी लोकप्रिय झाली.

“हं, धोटे सर, सांगा. थोडक्यात सांगा.”

“भाऊ, ‘व्हॉट’नं सुरू होणारं वाक्य एकवचनीच असतं. पुस्तकात स्पष्ट दिलंय.”

“कोनत्या पुस्तकात?”

“माझ्याच. आपणच छापलं ना, मागच्या वर्षी.”

“पाहा भाऊ, सोताच्या खटल्यात सोताच साक्षीदार!” दीपमालाबाई उसळल्या. “पुस्तकं एक हाये का? लय हायेत. मंग ‘इज’ कसं चालन?”

“मॅडम, अकोल्याच्या उन्हानं व्याकरण वितळते वाटते.”

“अन् तुमचं कोनाच्या वावरात उगवलं, धोटे सर?”

पुंजारामभाऊंनी हात वर केला. दोन्ही पक्ष सारखेच जोरात ओरडले होते, म्हणजे दोघांचा हक्कही सारखाच, हे त्यांना पटले.

“ऐका. बडनेऱ्यापर्यंत इज. मूर्तिजापूरपासून तिकडे अकोल्यापर्यंत आर. फलक दोन, पह्यले नंबरबी दोन. झालं?”

“मधल्या गावांचं काय, भाऊ?” धोटे सरांनी विचारले.

“मधातले पोट्टे आपल्याकडं येत नाईत.”

गूळ फुटला. धोटे सरांनी खडा तोंडात टाकला, दीपमालाबाईंनीही टाकला. ताटली रुबीनापुढे आली.

“घे बेटा. तू आता अकोल्याची. उद्यापासून आर शिकवजो.”

रुबीनाने खडा उचलला, पण तो हातातच ठेवला. “भाऊ, पोरांना मले दोन्ही सांगावं लागंल.”

“काहून?”

“आपली गरज एक समजून बोललं तर इज. हव्या त्या वस्तू डोळ्यासमोर असल्या तर आर. जास्त लोक इज लिहितात, पण आर लिहिणारा चुकत नाही. म्हणून दोन्ही गावांत दोन्ही उत्तरांना गुण द्या. या पोरांची खरी परीक्षा काही बडनेऱ्याच्या स्टेशनावर होणार नाही.”

सकाळपासून एकमेकांकडे न पाहिलेल्या दोन शाखाप्रमुखांनी आता एकमेकांकडे पाहिले.

“गूळ फुटल्यावर?” दीपमालाबाई म्हणाल्या.

“हेच म्हणतो मी, मॅडम,” धोटे सर म्हणाले. “शिस्त म्हणून काही असते की नाही?”

वास्तविक पुंजारामभाऊंच्या निवाड्यातही दोन्ही उत्तरे बरोबरच ठरली होती. रुबीनाच्या म्हणण्यात फक्त कारण अधिक होते, आणि कारणाची त्या खोलीत कोणी मागणी केलेली नव्हती.

पुंजारामभाऊ मात्र विचारात पडले. “धोटे सर, हिच्या हिशोबानं गुण देल्ले, तं फलकावर पह्यला कोन येते?”

“कोणीच नाही, भाऊ. बरीच पोरं बरोबरीत येतात.”

“म्हंजे फलकच गेला.”

त्यांनी नेमणुकीचा कागद समोर ओढला, पेनाचे टोपण काढले आणि आवाज खाली आणला. “बेटा, मनात दोन ठेव. कोन पाहाले येते? फळ्यावर एकच लेह्य. मी आता सही करतो.”

रुबीनाने कागदाकडे पाहिले. त्यावर तिचे नाव छापलेले होते, त्याखाली अकोला शाखा, आणि त्याखाली ‘कायम’. तिने गुळाचा खडा ताटलीत परत ठेवला.

“फळ्यावर पण दोन्ही लिहीन, भाऊ.”

“नीट इचार केला?”

“केला.”

“रागानं नाई ना बोलून राहिली?”

“नाही. पोरं विचारतील ना मले. मग काय सांगू, गूळ खाल्ला म्हणून?”

धोटे सर हसले आणि लगेच गंभीर झाले. पुंजारामभाऊंनी पेनाला टोपण लावले.

“तुयं बराबर हाये, रुबीना,” ते म्हणाले. “जागा मातर दुसऱ्याले देऊ.”