गवतातले पाइन

आमच्या दक्षिण जॉर्जियात अंगणात लांब सुयांचा पाइन लावायचा म्हणजे आधी लोकांचं हसू झेलायची तयारी ठेवावी लागते. कारण तो लगेच झाड होतच नाही. जमिनीलगत हिरव्या सुयांचा एक झुबका येतो आणि वर्षानुवर्षं तसाच बसून राहतो. सगळी वाढ खाली चाललेली असते, मूळ वाळूत खोल उतरत असतं, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं की या बाईला गवत कापायचा कंटाळा आहे. माझा नवरा वेंडल या काळाला पाइनचं गवतपण म्हणायचा. ते संपलं की मधला पांढरा कोंब एका वसंतात मेणबत्तीसारखा सरळ वर निघतो आणि बघता बघता माणसाच्या डोक्यावर जातो. कधी संपायचं ते मात्र पाइन ठरवतो. म्हणून इथली माणसं वाट बघण्यात तरबेज असतात, आणि मी त्यांच्यातही वरचढ. तेच मला नडलं.

आमची जागा वडिलांची. एका बाजूला माझं घर, दुसऱ्या बाजूला धाकट्या भावाचं, हॉइटचं, आणि मध्ये आजोबांच्याही आधीपासून उभा असलेला एक जुना पाइन. एका मोठ्या वादळात तो मोडला आणि हॉइटच्या झोपायच्या खोलीवर पडला. त्याची बायको आर्डिस छपराखाली सापडली. जिवावरचं हातावर निभावलं, पण हात कायमचा वाकडा झाला. त्याच महिन्यात ती कॅन्ससला बहिणीकडे निघून गेली. जाताना पायरीवर उभी राहून म्हणाली, "ज्या घरातून पाइन दिसतो त्या घरात मी पुन्हा राहणार नाही." मी तिथेच होते. रागात माणूस काय काय बोलतं, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

वेंडलनं त्या पडलेल्या झाडाची बोंडं गोळा केली. बिया काढल्या, रोपं केली, आणि पुढच्या हिवाळ्यात माझ्या घरासमोर लावायला घेतली. पण आधी तो हॉइटकडे गेला. दोघं आयुष्यभर पिकनच्या, म्हणजे अक्रोडाच्या जातीच्या झाडांच्या, बागेत एकत्र काम केलेले, एकाच सुरीनं कलमं बांधलेले. वेंडलनं सरळ विचारलं की तुझ्या खिडकीसमोर येतील, तुझी हरकत असेल तर नाही लावत. हॉइट म्हणाला, "लाव की. म्हाताऱ्याची पोरं आहेत, जाणार कुठे?" मी रोपांची पाटी कडेवर घेऊन बाजूला उभी होते. माझ्या कानांनी ऐकलंय ते.

एक रोप उरलं ते वेंडलनं रस्त्यापलीकडच्या मिस फ्लोरीनला दिलं. दुसऱ्या वर्षी वेंडल हृदयविकारानं गेला. त्याचे कपडे मी चर्चला दिले, टोपी स्वतःकडे ठेवली आणि कलमाची वाकडी सुरी हॉइटला दिली. तिचं मोल दुसऱ्या कुणाला कळलं असतं?

त्यानंतर माझं अंगण हॉइटनंच सांभाळलं, हे कबूल करायला हवं. उन्हाळ्यात दर शनिवारी गवत कापायचं यंत्र घेऊन यायचा आणि झुबक्यांना जपून वळसे घालायचा. फाटकाजवळच्या झुबक्याला तर टोपी काढून म्हणायचा, "गुड मॉर्निंग साहेब, अजून उठला नाहीत?" मग आम्ही पडवीत बसून उकडलेल्या शेंगा खायचो, गोड गार चहा प्यायचो आणि वेंडलबद्दल बोलायचो. चर्चमधल्या बायका मला विचारायच्या, ओलीटा, तुझं गवत काय म्हणतंय? मी म्हणायचे, गवत मजेत आहे, तुम्ही आपापली गुडघेदुखी सांभाळा. अख्ख्या गावात एकटा हॉइट कधी हसला नाही. लहानपणापासून मला सिस म्हणणारा माझा भाऊ. आई गेली तेव्हा तो एवढासा होता, त्याला मी वाढवला. माझ्यासोबत वाट बघणारं हे एक तरी माणूस आहे, असं मला वाटायचं.

तिकडे मिस फ्लोरीनच्या पाइननं गवतपण कधीच संपवलं. तिच्या पडवीच्या छपरावर गेला तो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. एकाच पाटीतली रोपं. हॉइट म्हणाला, "सिस, तिचं झाड संडासाच्या टाकीवर उभं आहे. खुराक बघ की त्याचा." मी पोट धरून हसले आणि तीच गोष्ट चर्चभर सांगत सुटले. मिस फ्लोरीन त्यावरून महिनाभर माझ्याशी बोलत नव्हती.

या पाइनला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे आग. दोन-तीन हिवाळ्यांतून एकदा खालचं गवत हलकेच जाळावं लागतं. सुयांवरचा करपा मरतो, ऊन मुळाशी पोचतं आणि रोपाला जाग येते. झुबक्याच्या सुया जळतात पण मधला कोंब वाचतो, त्याची रचनाच तशी. आमच्याकडे हे शेंबडं पोरही जाणतं. वेंडल असता तर त्यानं कधीच जाळून घेतलं असतं. पण दर हिवाळ्यात मी विषय काढला की हॉइटकडे कारण तयार असायचं. यंदा वारा फार आहे. यंदा कोरडं आहे. यंदा ओलं आहे, नुसता धूर होईल. मीही मान डोलवायचे, कारण बागेतल्या आगी लावण्यात त्याची हयात गेली होती.

या फेब्रुवारीत त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि तो मुलीकडे वाल्डोस्टाला गेला. जाताना मला बजावून गेला की मी येईपर्यंत अंगणाला हात लावू नकोस. काळजीनं म्हणतोय, असं मला वाटलं. पण त्या आठवड्यात हवा अशी पडली की वेंडलनं बोट ओलं करून वर धरलं असतं आणि लगेच काडी ओढली असती. जाळायच्या परवानगीसाठी वनखात्याला फोन केला, मिळाली. मिस फ्लोरीन पाण्याचा पाइप घेऊन आली, मी दाताळं घेतलं. संडासाच्या टाकीबद्दल तिनं मला अजून माफ केलेलं नव्हतं, पण आग म्हटली की इथे कुणी घरात बसत नाही. दुपारपर्यंत सगळं छान जळून गेलं. काळ्या अंगणात वेंडलची रोपं काळ्या खुंट्यांसारखी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी राख निवली तेव्हा मी गुडघे टेकून फाटकाजवळच्या साहेबांचा कोंब बघायला गेले. दाट सुयांमुळे आजवर आतलं काही दिसत नव्हतं; आता मध्ये एक जाड पांढरा कोंब दिसायला हवा होता. तो नव्हता. त्याच्या जागी जुना, सुकलेला छाट होता, आणि त्याच्या भोवती बारीक बारीक कोंब दाटीनं आलेले. त्यांतले काही पुन्हा छाटलेले. मी दुसऱ्या रोपाकडे गेले, तिथेही तेच. तिसऱ्याकडेही. रानडुक्कर असतं तर मूळ उकरून खाल्लं असतं. हरणानं तोडलं असतं तर टोक फाटलेलं दिसलं असतं. हे छाट गुळगुळीत होते आणि एका बाजूला तिरके होते, पिकनचं कलम करताना पाणी साचू नये म्हणून मारतात तसे. असा छाट मारणारी माणसं मी आयुष्यात दोनच पाहिली. त्यातलं एक माझ्याच हातांनी पुरलेलं.

मिस फ्लोरीन फाटकापाशी येऊन म्हणाली, काय गं, रडतेस काय? मी म्हटलं, धूर गेला डोळ्यांत. ती म्हणाली, आग तर काल विझली. मी हातावरची राख झटकली आणि पुढच्या रोपाकडे गेले.

हॉइट परतला तो काठी टेकत टेकत थेट माझ्याकडे आला. फाटकातच थबकला. काळं अंगण बघितलं, मग मला बघितलं.

"जाळलंस?" तो म्हणाला.

"यंदा वारा नव्हता."

तो पडवीच्या पायरीवर बसला. नेहमी खुर्चीत बसायचा. मी हात पुढे केला आणि सुरी मागितली. कुठली सुरी, असं त्यानं विचारलं नाही. खिशातून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. पात्याच्या बेचक्यात पाइनचा चीक काळा होऊन बसला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वेंडल गेल्यापासून. तो असताना हात लावला नाही, देवाशपथ."

"म्हणजे त्याला घाबरत होतास. मला नाही."

"आर्डिस काय म्हणाली होती ते तूही ऐकलंस, सिस. पाइन वर आले असते तर ती आली असती का परत?"

"वेंडलनं तुला विचारलं होतं. तू लाव म्हणालास."

"तू पाटी कडेवर घेऊन उभी होतीस. पोर घेतल्यासारखी. तुला नाही म्हणायला मला कधी जमलंय?"

मी म्हटलं, मग नंतर सांगायचंस. मी सगळी उपटून मागच्या कुंपणाला लावली असती. मी उपटली नसती हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. पण ते माझं मला ठरवू द्यायला हवं होतं.

मग तो जे बोलला ते बोलला नसता तर कदाचित मी त्याला आत घेऊन चहा दिला असता. तो म्हणाला, "तुझं काय गेलं गं? मारली तर नाहीत ना मी. हिरवीगार ठेवली. दुष्काळात पाणी घातलं. तुला रोज बघायला मिळत होती."

"माझं काय गेलं?" मी म्हटलं. "रोज सकाळी डोळे उघडले की पहिलं काम ते, कोंब आला का बघायचं. आला नाही की मी वेंडलला सांगायचे, अजून थोडं थांब. आणि तू माझ्या शेजारी उभा राहून म्हणायचास, येईल गं सिस, येईल. त्याच हातानं खुडायचास आणि त्याच हातानं माझ्या शेंगा खायचास. ऊठ माझ्या पायरीवरून."

तो उठला. काठी घसरली, मी सावरली नाही.

मग मी आर्डिसला फोन लावला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिला दोन शब्द सुनवायचे होते, की बाई, तुझ्या एका बोलण्यापायी इथे काय होऊन बसलं बघ. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ओलीटा, मी त्याला दुसऱ्याच वर्षी स्पष्ट सांगितलं होतं, मी येणार नाही म्हणून," ती म्हणाली. "पाइनचा काही संबंध नव्हता. मी आधीच निघणार होते, झाड नंतर पडलं. तो दर नाताळला फोन करतो आणि सांगतो, अजून एकही पाइन दिसत नाही गं इथून. मला वाटायचं, म्हातारा थट्टा करतोय."

फोन ठेवला तेव्हा माझा राग निम्मा व्हायला हवा होता. झाला दुप्पट. ती येणार आहे असं समजून त्यानं खुडलं असतं तर एकवेळ मी गिळलं असतं. पण ती येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. झाडं वर आली असती तर तिचं जाणं खरं झालं असतं, म्हणून त्यानं माझं सगळं अडवून ठेवलं. स्वतःची खोटी वाट बघायला माझी खरी वाट वापरली. मला त्याची कीव आली, आणि ज्यानं आपल्याला फसवलं त्याचीच कीव यावी यासारखी चीड नाही.

शनिवारी मी स्वतः गवत कापलं. वेडंवाकडं कापलं, पण झुबक्यांना धक्का लावला नाही. चर्चमध्ये हॉइट मागच्या बाकावर बसायला लागला. लोकांनी विचारलं तर मी म्हणायचे, त्याच्या गुडघ्याला पुढचा बाक अडचणीचा होतो. घरातली घाण चर्चमध्ये कोण नेईल?

एप्रिलमध्ये फाटकाजवळच्या झुबक्यातला एक कोंब बाकीच्यांना मागे टाकून वर निघाला. पांढरा, चंदेरी, बोटभर, मग वीतभर. जुन्या छाटापाशी थोडा वाकडा होता, पण पुढे सरळ चालला होता. मिस फ्लोरीन मक्याचा पाव घेऊन बघायला आली आणि म्हणाली, आता तुझ्याकडे कुठली टाकी आहे गं? मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

हॉइटला मी कळवलं नाही. पण त्याच्या खिडकीतून तो कोंब दिसत होता; तो दिसू नये म्हणून तर त्याचा सगळा खटाटोप. एका रविवारी चर्चनंतर तो फाटकाबाहेर येऊन उभा राहिला. टोपी काढून हातात धरली होती.

"कुठला उठला, सिस?" त्यानं विचारलं.

"ज्याला तू गुड मॉर्निंग म्हणायचास तो."

त्यानं मान हलवली. कोंबाकडे बघत राहिला, आणि त्याचे डोळे भरून आले. ते माझ्यासाठी भरले की आर्डिससाठी, ते मला कळलं नाही. त्याचा हात फाटकाच्या कडीवर होता. उघडायची झाली तर कडी बाहेरूनही उघडते, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. तो मी ये म्हणायची वाट बघत होता.

वाट बघणं मला त्यानंच शिकवलं असं नाही, पण ती कशी बघायला लावतात ते त्यानं शिकवलं. मी पडवीत खुर्चीवर बसून राहिले, मांडीवर शेंगांचं भांडं होतं. मी ये म्हटलं नाही.