नावाची चौकट

रुपालीने यादीतून ‘मृत’ हा पर्याय निवडला आणि पडद्यावरच्या सहा चौकटी एकदम करड्या झाल्या. वजन, दुधाच्या वेळा, पहिली लस, दुसरी लस, बाळाचे डॉक्टर आणि सगळ्यात वर, बाळाचं नाव. तिने ‘जिवंत’ निवडलं. सहाही पुन्हा पांढऱ्या झाल्या. नावाच्या चौकटीत ‘चंपा’ लिहिलेलं होतं, ते जिथल्या तिथे होतं. ऑफिसातला धनेश कुठलाही फॉर्म तपासताना नाव चंपाच घालायचा, मुलगा असो की मुलगी.

पुन्हा ‘मृत’. चंपा करड्या चौकटीत तशीच दिसत राहिली. रुपालीने खालचं ‘नोंद पक्की करा’ हे बटण दाबलं आणि छापायचा कागद उघडला.

नावापुढे आडवी रेघ होती.

तिने बॅगेतून चार घड्यांचा एक कागद काढला आणि कीबोर्डवर उलगडून ठेवला. आईचं नाव, आकांक्षा स्वप्नील परब. राहणार डिलाईल रोड. जन्माचा निकाल, मृत. बाळाचं नाव, आणि पुढे तशीच रेघ. हा कागद तिने सकाळीच छापला होता. कागद उघडायला लागणारा, आकांक्षाच्या फोनवर आलेला आकडा तिला विचारून घेतला, तेव्हा पलीकडून ती म्हणाली होती, “आला का कागद? नीट आलंय ना सगळं?”

“आलंय,” रुपाली म्हणाली होती. तोवर तिने तो वाचला नव्हता.

आकांक्षा रुपालीच्या धाकट्या भावाची, स्वप्नीलची बायको. रविवारी रुपाली माहेरी गेली, तेव्हा ती चाळीच्या गॅलरीत पाट टाकून मोड आलेले वाल सोलत बसली होती. बाळंतपणाला सव्वा महिना होऊन गेला होता. चेहऱ्यावरची सूज उतरली होती. रुपाली शेजारी बसली आणि परातीत हात घातला.

“मनूला नाही आणलंत?”

“झोपली होती गं.”

रुपालीची मनू झोपली नव्हती. दादरला, रुपालीच्या सासरी, आजीच्या मांडीवर बसून ती चपातीचा तुकडा चघळत होती. दीड वर्षाची ती पोर घेऊन या गॅलरीत यायचं रुपालीला गेले कित्येक रविवार जमलं नव्हतं. आकांक्षानेही पुढे काही विचारलं नाही. तिने परात दोघींच्या मध्ये सरकवली.

“ताई, त्या हॉस्पिटलचं कॉम्प्युटरचं काम तुमच्याच ऑफिसने केलंय ना?”

“हो. का?”

“मी सातव्या महिन्यात फॉर्म भरला होता. घरूनच, फोनवर. त्यात नावाची जागा होती, ठरलं असेल तर लिहा म्हणून. मी लिहिलं.” तिने एक वाल दाबला, साल सुटली. “मग त्या दिवशी सिस्टरनी बाकीचं भरलं आणि सहीसाठी टॅब माझ्यासमोर धरला. सगळं करडं झालं होतं. पण नाव होतं तिथे. मी बघितलं.”

रुपालीच्या चिमटीतला वाल न सोलताच परातीत पडला.

“म्हणजे तुम्ही वाचलं असेल.”

तिने हे विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. वर बघितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की रुपालीच्या तोंडून “हो” निघून गेलं.

“बरं झालं,” आकांक्षा म्हणाली. मोठा श्वास सोडून ती पुन्हा परातीकडे वळली. “बरं झालं बाई. आत्याला कळलं. मला तो कागद काढून द्या ना. रंगीत नको, साधा चालेल.”

परबांच्या घरात बाळाचं नाव आई ठरवायची, आणि बारशापर्यंत कुणाला सांगायची नाही, नवऱ्यालासुद्धा. पाळण्याशी उभ्या राहिलेल्या आत्याच्या कानात ती ते पहिल्यांदा सांगायची, आणि मग आत्या वाकून बाळाच्या कानात. रुपालीने त्या दिवसासाठी हिंदमाताला जाऊन साडी घेऊन ठेवली होती. पिको व्हायचं राहिलं होतं, मग ते राहूनच गेलं.

आतून आईचा आवाज आला होता. तिचे कान तिखट.

“कसला नाव नि कसलो कागद? पाळण्यात घातला नाय, बारसा झाला नाय. नाव घेतला की जीव घुटमळत रवता, गो. सोड आता.”

आकांक्षाने मान खाली घातली आणि परात पुढे ओढली होती.

“काय गं, चंपाला मारलंस का?” ऑफिसात धनेश कॉफीचा कप घेऊन तिच्या मागे उभा होता. त्याने पडदा बघितला, मग कीबोर्डवरचा कागद, आणि कप खाली ठेवला. “सॉरी. काय झालं?”

“छापताना नाव येत नाही.”

“येणारच नाही. डिसेबल केलंयस ना. बंद चौकटीतलं काही पाठवलंच जात नाही. दिसतं फक्त.” तो खुर्ची ओढून बसला. “रीड-ओन्ली हवं होतं. बदलता येणार नाही, पण जाईल तरी. बेसिक आहे यार हे. कोणी लिहिलंय?”

“मी.”

“तू?” त्याला खरंच आश्चर्य वाटलं. “चुकून?”

चुकून नव्हतं. मनू पाच महिन्यांची असताना ती कामावर परत आली, तेव्हा हाती आलेलं हे पहिलं काम. दुपारी कुर्ता ओला व्हायचा, बाथरूममध्ये उभं राहून दूध काढावं लागायचं, आणि परत येऊन या फॉर्मपुढे बसायचं. ‘मृत’ निवडल्यावर काय व्हावं याबद्दल कुणीच काही लिहून दिलं नव्हतं. तिने स्वतःच ठरवलं. एक बाई काउंटरपाशी उभी असेल, रिकाम्या हातांनी. तिला कुणी वजन विचारू नये. लस विचारू नये. नाव तर नाहीच. तिने एकेक चौकट बंद केली होती, झोपलेल्या पोरीच्या खोलीचं दार लोटावं तशी, आवाज न करता. त्या दिवशी घरी जाताना तिला कुणाचं तरी काही चांगलं केल्यासारखं वाटलं होतं.

“मला वाटलं, कुणी विचारू नये,” ती म्हणाली.

धनेशने मान हलवली. “आधीच्या कच्च्या नोंदीत असेल की नाव.”

“पक्की झाली की कच्ची पुसली जाते. ते तू लिहिलंयस.”

“हां,” तो म्हणाला. थोडा वेळ कप नुसता फिरवत बसला. “मग तिलाच विचारावं लागेल. त्या बाईंना.”

“माझी वहिनी आहे. भावाची बायको.”

जाताना तो रुपालीच्या टेबलावरचा रिकामा ग्लास भरून ठेवून गेला.

काम एका शब्दाचं होतं. रुपालीने तो बदलला, पुन्हा चंपा लिहिलं, ‘मृत’ निवडलं, बटण दाबलं. कागदावर चंपा आलं. मग तिने प्रसूतिगृहात फोन लावला. त्यांना विचारल्याशिवाय असा बदल तिथल्या फॉर्मवर चालू करता येत नसे. मोठ्या सिस्टर फोनवर आल्या. बदल काय, ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे आता नाव राहील?”

“राहील. म्हणजे, तुम्ही हो म्हणालात तर.”

“अहो, करा. कधीचं करायला हवं होतं.” मागे कुठेतरी बाळ रडत होतं, सिस्टर थोडं थांबल्या. “बायका विचारतात हो. एखादी म्हणते, सिस्टर, नाव लिहा ना तेवढं. आम्ही म्हणतो, बाई, कॉम्प्युटर घेत नाही. मग काही बोलत नाहीत. कॉम्प्युटर नाही म्हणाला की माणूस काय बोलणार?”

रुपालीने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

“सिस्टर, एक नोंद दुरुस्तीला उघडून द्याल? बाळाच्या आईच्याच फोनवर.”

“नाव सांगा.”

तिने आकांक्षाचं नाव सांगितलं.

लोअर परळच्या ऑफिसातून डिलाईल रोडला ती चालतच गेली. पंधरा मिनिटांच्या रस्त्यात तिने तीनदा वाक्य जुळवलं. पहिलं वाक्य ‘तांत्रिक अडचण’ असं सुरू होत होतं. दुसरं स्वप्नीलपासून. चाळीच्या जिन्यावर तिसरंही विसरलं.

आकांक्षा खाटेवर बसून उशीला अभ्रा चढवत होती. स्वप्नील अजून कामावरून यायचा होता. आई आत ओट्यापाशी, कढईत काहीतरी चुरचुरत होतं.

“आणलात?” अभ्रा अर्धाच ठेवून आकांक्षा उठली.

रुपालीने बॅगेतून कागद काढला, पण दिला नाही. “बस जरा.”

“काय झालं?”

“नाव नाही आलेलं ह्यावर.”

आकांक्षाने हात पुढे केला, कागद घेतला, उभ्याउभ्या वाचला. बोट त्या रेघेवर जाऊन थांबलं. “पण मी बघितलं होतं. टॅबवर. माझ्या डोळ्यांनी.”

“दिसत होतं. पण पुढे गेलं नाही. बंद चौकटीतलं जात नाही. आणि ती बंद मी केली होती, आकांक्षा. मीच लिहिलंय ते. मला वाटलं होतं...” तिने बॅगेची चेन लावली. “मी बदललं आज. पण आधीचं गेलं ते गेलं.”

“तुम्ही तर म्हणालात, वाचलं.”

“खोटं बोलले.”

आत कढईतला आवाज अचानक कमी झाला. कुणीतरी गॅस बारीक केला होता.

आकांक्षा खाटेच्या कडेला बसली. कागद तिने पुन्हा चार घड्यांत घातला, होता तसाच, कडा जुळवून. “रविवारपासून मला बरी झोप लागत होती,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे रुपालीला ते जास्त लागलं. “वाटायचं, माझ्याशिवाय अजून एका माणसाला माहीत आहे. ती पोर फक्त माझ्याच डोक्यात नाही.”

रुपाली जमिनीवर, तिच्या पायांशी बसली. खाली रस्त्यावर टेम्पो मागे घेताना कुणीतरी “आंदे, आंदे” ओरडत होतं.

“तुझा फोन दे,” शेवटी रुपाली म्हणाली.

फोनवर दुरुस्तीचा निरोप आलेला होता. तिने तो उघडला. तोच फॉर्म. पाच चौकटी करड्या. वरची एक पांढरी, तिच्यात बारीक उभी रेघ लुकलुकत होती. तिने फोन आकांक्षाच्या हातात दिला. आकांक्षाने अंगठा चौकटीवर टेकवला, खालून अक्षरं वर आली. ती त्या अक्षरांकडे बघत राहिली. पडदा काळा झाला. तिने तो उजळला. पुन्हा काळा झाला.

“नाही होत, ताई.”

“राहू दे मग. घाई नाही. सिस्टर म्हणाल्यात, केव्हाही...”

“तसं नाही.” आकांक्षाने फोन रुपालीच्या मांडीवर ठेवला. “हे माझं काम नव्हेच ना. मी सांगायचं असतं.”

ती खाटेवरून खाली उतरली, जमिनीवर रुपालीसमोर गुडघे टेकून बसली. एका हाताने तिने रुपालीचा खांदा धरला, दुसऱ्या हाताने तिच्या कानावरचे केस बाजूला केले. ऑफिसच्या एसीने रुपालीचा कान गार पडला होता. त्यावर आधी नुसता श्वास आला, दोन-तीन वेळा, अडखळत. मग नाव.

रुपालीने डोळे मिटून घेतले. तिची मान आपोआप खाली वाकली, समोर पाळणा नसताना. ओठ हलले. आकांक्षाने ते बघितलं आणि तोंडावर ओढणी दाबली.

काही वेळाने रुपालीने फोन उचलला. एकेक अक्षर बघून लिहिलं. वेलांटी बरोबर आहे ना, हे आकांक्षाला दाखवून घेतलं. मग बटण दाबलं. चौकट करडी झाली, नाव आत राहिलं.

आकांक्षाने बोटाने ते नाव दाबून बघितलं. खालून अक्षरं वर आली नाहीत.

“आता कुणाला बदलता येणार नाही?”

“नाही.”

“पण जातं ना?”

“गेलं,” रुपाली म्हणाली. “पोचलं.”

दाराशी आई उभी होती, हातात फडकं. केव्हापासून, कोण जाणे. रुपालीने फोन पालथा ठेवला. आता ती बोलेल, जीव घुटमळतो म्हणेल, म्हणून तिने उत्तरही तयार ठेवलं.

पण गुडघ्यावर हात टेकवत, कण्हत, आई सुनेशेजारी जमिनीवर बसली. फडक्याने हात पुसले, एकदा, पुन्हा एकदा. मग मान तिरकी करून तिने आपल्या पिकल्या केसांची बट कानामागे सारली आणि कान सुनेच्या तोंडाजवळ नेऊन थांबली.