मला पाम म्हणू नका

मी एक जुना सायकस आहे. मित्रांनो, लोक मला पाम म्हणतात आणि त्यामुळेच माझ्या जिवाला स्वस्थता नाही. मी पाम नाही. माझी पानं, खोड, बिया, सगळं विषारी आहे.

पळस्प्याजवळच्या एका नर्सरीत मी वाढलो. तिथे शेजारच्या अरेकाला, म्हणजे खऱ्या पामला, पाम म्हणत आणि मलाही पामच. अठरा वर्षांपूर्वी ओवे गावच्या हरेशने मला आणून फाटकापाशी ठेवलं. पाणी घालायला विसरले तरी मी हिरवागार. येणारेजाणारे कौतुक करत. ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

यंदा हरेशच्या मुलीच्या हळदीचा मांडव अंगणात पडला आणि कुंड्या घरात आल्या. नेमक्या तेव्हाच माझ्या गाभ्यात केशरी बिया धरल्या होत्या. घरात हरेशची दीड वर्षाची नात दीपा आणि एक हावरट कुत्रा! माझा जीव टांगणीला लागला.

हरेशची आई सत्यवती म्हणाली, "पोरीला काय बाधनार नाय ना?"

दीपाच्या बापाने, हरेशच्या मुलाने प्रणितने, फोनवर 'पाम' शोधलं. "नाय गो आजी. पाम सेफ हाय. पोरांना पन, कुत्र्याला पन."

ते अरेकाबद्दल खरं होतं. मला ओरडून सांगायचं होतं, पण झाडाला तोंड कुठे?

बाहेर हळदीचा बेंजो वाजू लागला. सगळे तिकडे धावले. दीपा दुडुदुडु माझ्याजवळ आली, तिने एक बी ओढून काढली आणि तोंडाकडे नेली. खाली पडलेली दुसरी बी कुत्रा हुंगू लागला.

भांडी घासायला आलेली कमळी हातातलं पातेलं टाकून धावली. तिने कुत्र्याला हाकललं, दीपाच्या मुठीतली बी हिसकावली. "ह्यो पाम नाय! ह्याची पाना खाऊन माजी शेली मेली!"

आवाज ऐकून घरचे आत आले. "फोनवर सेफ लिवलंय ना," हरेश वैतागला.

"फोनची शेली मेली नाय," सत्यवती कडाडली, "हिची मेली!"

प्रणितने या वेळी माझाच फोटो काढून शोधलं आणि फोनवर माझं खरं नाव आलं: सायकस, विषारी. बी चावलेली दिसत नव्हती, तरी हळद थांबवून त्यांनी दीपाला डॉक्टरांकडे नेलं. ते दोन तास मला खायला उठले. ती आईच्या कडेवर हसत परत आली, तेव्हा कुठे मला हायसं वाटलं.

आता मी गच्चीवर, कुलूप लावलेल्या जाळीमागे असतो. एकटं वाटतं, पण हेच बरोबर आहे. मित्रांनो, झाड घरी आणताना त्याचं खरं नाव विचारा. इतर झाडं म्हणतील, आम्हाला जवळ करा. मी म्हणतो, लेकरांपासून आणि मुक्या जनावरांपासून मला लांब ठेवा.

दीपा रोज आजोबांच्या कडेवरून मला टाटा करते. तेव्हा वारा आला तरी मी पानं ताठ धरतो. मी बोलावतोय, असं तिला वाटायला नको.