आडवा पडलेला दरवाजा

ती माझ्यावर एकदाही का रागावली नाही? खालच्या तीन पायऱ्यांना विचारलं, वरच्या चौकटीला विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. चौकट तर माझ्याशी बोलणंच टाकून बसली होती.

मी दरवाजा बोलतोय. सात फूट उंच, जुन्या लाकडाचा. चौदा वर्षं एका खाणावळीच्या तोंडाशी उभा होतो. माणसांची एक गंमत आहे. भूक लागली की दरवाजा लाथेने उघडतात आणि पोट भरलं की हळूच, दोन बोटांनी. मी दोन्ही सोसलं.

खाणावळ आईची. सगळं गिऱ्हाईक तिला आईच म्हणायचं. जवळच्या खाडीतला मासा आणि तिच्या हातचं वाटण, यासाठी लोक लांबून यायचे. थोरली लेक, ताई, रोज सकाळी फळ्यावर लिहायची, आज काय आहे ते. धाकटा भाऊ मासळी आणायचा, पाणी भरायचा आणि सगळ्यांशी भांडायचा.

ताईच्या अंगातली ताकद एका आजाराने हळूहळू काढून घेतली. आधी काठी आली, मग चाकांची खुर्ची. खुर्ची पायऱ्या चढेना आणि चढवली तरी माझ्यामुळे आत जाईना. चार बोटं कमी पडत होती.

धाकट्याचं म्हणजे आधी हात, मग डोकं. एका दुपारी त्याने माझ्या बिजागऱ्या उखडल्या आणि मला पायऱ्यांवर आडवा टाकला. वाट रुंद झाली, उतारही झाला. एका दगडात दोन पक्षी.

"बस ताई." आणि एका दमात तिला वर नेलं. "बघितलंस? फुलासारखी आणली!"

"फुलाने घाम काढला की रे तुझा," ताई हसली. मग म्हणाली, "हा चढ फार उभा आहे. मला एकटीला यायचंय. जेवढी उंची, त्याच्या बारापट लांबी लागते."

"बारापट? मग काय समोरच्या न्हाव्याच्या दुकानातून सुरू करू?"

"भिंतीच्या कडेने ने. पायऱ्या दीड फूट, म्हणजे अठरा फूट. तेवढी जागा आहे तिथे."

"तिथे माझी गाडी असते सावलीला."

"गाडी काय उन्हात काळी पडणारे?"

"आणि मी आहे ना ढकलायला! मेलोय का मी?"

तो विषय तिथेच मिटला. त्याने माझा चढ स्वतःच्या दंडांनी मोजला होता. त्याच्या दंडांना मी सोपा होतो.

एका दुपारी तो मासळीला गेला होता. ताई एकटीच पायऱ्यांपाशी आली. खुर्ची सरळ केली, चाकांना हात घातला आणि माझ्यावर चढू लागली. अर्ध्यावर आली आणि घसरली. परत चढली, परत घसरली. माझ्या अंगावर तेलरंग होता, धरायला काहीच नव्हतं. तिसऱ्यांदा तिची बोटं चाकात सापडली. मी पडून बघत राहिलो. पडलेल्याने दुसरं काय करायचं?

तिने माझ्या कडेवर हात ठेवला. "तुझा काय दोष," म्हणाली.

मग हाक मारली, "आई, ताट इथेच दे गं." मांडीवर टॉवेल, टॉवेलवर ताट. स्वतःच्या खाणावळीच्या पायरीशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांसमोर ती जेवली. "त्याला सांगू नकोस," आईला म्हणाली. "मनाला लावून घेईल."

पुढे तो नसला की असंच चालायचं. आई गप्प, ताई गप्प. मी तर लाकूडच.

थंडीत तिच्या छातीत कफ भरला. पाचव्या दिवशी दवाखान्यातून रिकामी खुर्ची परत आली.

खाणावळ पुन्हा उघडली, पण फळा कोणी पुसेना. तिच्या अक्षरात 'आज कालवण-भात' तसंच राहिलं, म्हणून आई रोज तेच रांधायची. धाकटा कोपऱ्यात बसून असायचा. जाता-येता मला लाथ घालायचा. घाल बाबा, म्हटलं. माणसाला लाथ घालायलाही कोणीतरी आपलं लागतं.

एक दिवस म्हातारं जोडपं आलं. लांबून, मुद्दाम. आजोबा चाकांच्या खुर्चीत. आजी म्हणाल्या, "इथलं कालवण खाल्ल्याशिवाय जाऊ नका म्हणाले सगळे. आणि खुर्चीही आत जाते म्हणे."

आजींनी जोर लावला. अर्ध्यावर त्यांची चप्पल घसरली. धाकटा धावला, खुर्ची धरली. "सोडा, मी नेतो!"

"राहू दे बाळा," आजोबा म्हणाले. "खालीच दे. सवय आहे."

"खाली कशाला? मी आहे ना!"

"तू आहेस रे. पण दर घासाला कोणीतरी असावंच लागतं ना, त्याचा कंटाळा आलाय."

त्याने खुर्ची हळूहळू खाली घेतली. तोवर आई बाहेर आली. आजोबांच्या मांडीवर आधी टॉवेल अंथरला, चारी कडा दाबल्या, वाटी डावीकडे सरकवली, ताट ठेवलं. हात कुठे अडखळला नाही.

धाकटा बघत होता. "आई, तुला कसं गं ठाऊक, आधी टॉवेल घालायचा ते?"

आई पदराला हात पुसत राहिली.

"आई!"

"ताईला असंच द्यायचे."

"कधी?"

"तू नसायचास तेव्हा."

तो ओरडला नाही. मला लाथही घातली नाही. पायऱ्या उतरला, भिंतीपाशी गेला आणि आपली गाडी ढकलत नेऊन उन्हात लावली.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. दोरी धरून अठरा फूट मोजले. "सिमेंटचा ओला माल धरायला कडेने फळ्या लागतील. वरच्या टोकाला भार जास्त, तिथे दणकट बघा काहीतरी."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा दोन्ही हातांनी, सांभाळून उचललं.

आता मी मागच्या भिंतीला टेकून असतो. खालची कड कुजलीय, अंगावर सिमेंटची पुटं आहेत. मला पुन्हा चौकटीत बसवू नका. चुलीत घातलंत तरी तक्रार नाही, थकलोय फार. पुढून चाकांचा आवाज येतो, ढकलणाऱ्याचं धापा टाकणं येत नाही, एवढं ऐकून पुरे होतं.

गवंडी आला त्या दिवशी धाकट्याने मला कडेवर उभा केला, मागे खुंट्या ठोकल्या. ओला माल ओतला तसा मी वाकलो, पण सुटलो नाही. आठ दिवस मी तो भार छातीवर धरला. धाकटा सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचा, कोणाला पाय ठेवू द्यायचा नाही. नवव्या दिवशी मला सोडवायला त्याने पहार घातली. माझ्या अंगाची साल त्या उतारात राहिली. मी निघालो, उतार जागचा हलला नाही.