पोत्याला हात कोण लावणार

डिंपलला राइस मिलमधून कोणी काढलं नव्हतं. मालकाचा पुतण्या भुपेंद्र हे सगळ्यांना सांगत फिरायचा, आणि तो खोटं बोलत नव्हता. मस्टरवर तिचं नाव होतं. गेटवर कोणी अडवत नव्हतं. फक्त तिच्या पोत्याला कोणी हात लावत नव्हतं.

लाखांदूर रोडवरच्या त्या मिलमध्ये धानाचं पोतं एकटा माणूस पाठीवर घेत नाही. दोघं दोन बाजूंनी पोत्याचे कान धरून वर उचलतात, तिसरा वाकून पाठ देतो. डिंपल शर्टपँट घालायची, विनोद म्हणून हाक मारली की ओ द्यायची, तेव्हा सगळ्यात आधी तिच्याच पाठीवर पोतं पडायचं. मग कलेक्टर ऑफिसातून तृतीयपंथी म्हणून ओळखपत्र आलं, ती सलवार-कुर्त्यात कामावर आली, आणि हमालांच्या टोळीचे हात लुळे पडले. पाठ तीच होती.

आता नुसतं वाकून उभं राहायचं आणि बाजूच्याच्या पाठीवर पोती जाताना बघायची. पोतं नाही तर हजेरी नाही. एक दिवस कंटाळून ती घरी बसली की 'स्वतःहून काम सोडलं' असं लिहून मोकळं. कोणावर बालंट नाही.

"आंगनात जा ना, बायांत," टोळीचा मुकादम तुलाराम गालात तंबाखूचा खर्रा दाबत म्हणाला. "तू तं आता बाई झाली."

अंगणात उकडलेलं धान वाळत होतं. बाया ओळीनं पाय घासत ते उलटत होत्या. तिथून ललिताबाई ओरडली, "इकडं नोको पाठवू गा तुलारामभाऊ! आमच्या पोरी बुजतेत."

हमाल खिदळले. डिंपल सरळ झाली, ओढणी कमरेला खोचली आणि ऑफिसात गेली.

ऑफिसच्या भिंतीवर एक पाटी होती. तृतीयपंथी कामगारांच्या तक्रारी ऐकायला प्रत्येक आस्थापनेत अधिकारी नेमावा, असा कायदा आहे. वरून विचारणा झाली तेव्हा मालकानं पुतण्याचं नाव रंगवून घेतलं. रंग वाळला, कायदा पाळून झाला.

"भाऊ, तक्रार आहे," डिंपल म्हणाली.

भुपेंद्रनं मोबाईल खाली ठेवला. "तुले काढलं का कोणी?"

"नाही."

"शिव्या देल्ल्या?"

"त्या तं रोजच्याच आहेत."

"मंग? लोकायनं हात लावला नाही तं मी काय करू? जबरदस्ती करू?"

"कामात भेदभाव चालत नाही, हे कायद्यात आहे. इथं काम म्हंजे पोतं. ते दुसऱ्याच्या हाताबिगर पाठीवर येत नाही. टोळी हात देत नाही तं तुम्ही द्या. पाटीवर नाव तुमचं आहे."

"मी पोतं उचलू?"

"नाही तं लेखी द्या, का 'मी काही करत नाही'. मी तो कागद भंडाऱ्याले कलेक्टर ऑफिसात घेऊन जाते."

लेखी म्हटल्यावर भुपेंद्रनं खिडकीतून पाहिलं. बाहेर अर्धा भरलेला ट्रक उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. भुपेंद्रनं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

तो पोत्यांच्या थप्पीजवळ आला तशी टोळी बाजूला सरली. त्यानं पोत्याचा एक कान धरला. दुसरा रिकामाच.

"तुलाराम!"

"मालक, मी..."

"ये ना बे इकडं!"

तुलाराम थुंकला आणि आला. डिंपल वाकली. भुपेंद्रला उचलायचं वळण नव्हतं. पोतं तिरपं पडलं, सुतळीनं तिची मान खरचटली. तिनं खांदा हलवून तोल घेतला, फळीवरून ट्रकात चढली, पोतं टाकलं, परत आली आणि पुन्हा वाकली.

भुपेंद्र हात झटकत होता. "मिटली ना आता तक्रार?"

"एका पोत्यानं कशी मिटन भाऊ? गाडी बाकी आहे. उद्याची बी आहे."

त्यानं टोळीकडे पाहिलं. कोणी पुढं आलं नाही. कोणी हसलंही नाही. ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न दिला.

तुलारामनं पुढच्या पोत्याचा कान धरला होता. त्याला काही दया आली नव्हती. गाडी त्याच्या टोळीलाच भरायची होती.

"धरा ना मालक," तो वैतागून भुपेंद्रला म्हणाला. "उशीर होऊन राहिला."