अर्ध्यावर तुटणारा पाठ

देवीच्या नामावलीत अर्ध्याच्या थोडं पुढे गेलं की मला भीती वाटायला लागली होती. नामं तोंडपाठ, आईने लहानपणी आम्हा दोघी बहिणींना समोर बसवून म्हणून घेतलेली. इतकी वर्षं रोज सकाळी स्नान झालं की समई लावायची, आसनावर बसायचं आणि पाठ पुरा झाल्याशिवाय उठायचं नाही, मध्ये दुसरा शब्द बोलायचा नाही, हा नेम. त्यात भिण्यासारखं काय असणार? भीती होती ती फोनची. समईपासून हातभर लांब, पोथीच्या व्यासपीठाला टेकवलेला फोन, आणि त्यात माझी थोरली बहीण.

शालनताई निवृत्त मुख्याध्यापिका. गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, आणि हळूहळू ती गिळायचंच विसरत चालली. लोणी काळभोरच्या एका शुश्रूषागृहात तिला ठेवलंय. तिथे दुर्गाबाई नावाच्या मावशी तिचं सगळं करतात. त्यांच्याच लक्षात आलं की मी फोनवर पाठ म्हणायला लागले की ताई माझ्या ओठांकडे बघते, मग तिचेही ओठ हलायला लागतात, आणि तेवढ्यात चमचा आत गेला तर ती गिळते. असं करत करत वाटीभर नाचणीची पेज पोटात जायची. नुसत्या आवाजाने व्हायचं नाही. माझं तोंड दिसायला हवं. आणि एकदा का पाठ मध्येच तुटला की ताई दात घट्ट मिटून घ्यायची. मग तासा-दोन तासांनी मी पुन्हा फोन लावून सुरुवातीपासून म्हटलं तरी ती काही तोंड उघडायची नाही.

आणि गेला आठवडाभर पाठ रोज तुटत होता. रोज अर्धी वाटी परत जात होती.

"शुक्रवारी संध्याकाळी मी येतो," तिथले डॉक्टर म्हणाले होते, "तोवर खाणं वाढलं नाही तर नाकातून नळी घालू. दुसरा इलाज नाही."

भाऊजी शेवटी नळीवर होते, तेव्हा ताईने माझा हात धरून सांगितलं होतं, "सरू, माझ्यावर वेळ आली तर मला नळी घालू देऊ नकोस." मी बरं म्हटलं होतं. आता देवापुढे बसलं की नामांच्या ऐवजी तेच आठवायचं. तिथे जाऊन बसावं म्हटलं तर संसर्गाच्या भीतीने रविवारखेरीज आत सोडत नाहीत.

आमच्या घरी आधी एक साधा डबा होता इंटरनेटचा. त्यावर पाठ कधी तुटला नाही. पण माझा मुलगा सलिल खराडीच्या एका कंपनीत नेटवर्कचंच काम करतो. कंपनीने एक मजला रिकामा केला तेव्हा तिथलं उतरवलेलं सामान त्याने घरी आणलं. छताला वायफायच्या तीन पांढऱ्या थाळ्या लागल्या, माळ्यावर एक लांबट पेटी बसली. पिठाची गिरणी लांबून ऐकू यावी तशी ती घरघरते. ऑफिसात दोनशे माणसं यावर काम करत होती, असं तो आणि आमची सून स्वराली, दोघं कौतुकाने सांगत होती.

"वाघोलीत दोन बेडरूमच्या फ्लॅटचा विमानतळ केलात," आमचे हे म्हणाले. "आता विमान उतरेपर्यंत दम धरायचा."

पाठ तुटायला लागला तसा सलिल रोज संध्याकाळी कामावरून आला की शिडी काढायचा. एक दिवस वायर बदलली. एक दिवस देवघराजवळची थाळी सरकवून माझ्या डोक्यावर आणली. मग म्हणाला, दोन थाळ्या एकमेकींवर ओरडतायत, म्हणून एकीचा आवाज कमी केला. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी शिडी धरून उभी राहायचे आणि मनात म्हणायचे, उद्या तरी.

"हे बघ आई," तो देवघरासमोर उभा राहून स्वतःचा फोन दाखवायचा, "माझ्या फोनवर अख्खा पिक्चर चालतोय. एकदाही अडकला नाही."

"मग तुझाच फोन धाडून दे शालनताईंना," हे आतून म्हणायचे. "पिक्चर बघत जेवतील."

"बाबा, मी करतोय ना प्रयत्न?"

"करतोयस रे. रोगी सोडून सगळ्या गावाची नाडी बघतोयस, एवढंच."

सकाळी पुन्हा तेच. मी म्हणत असायचे, ताईचे ओठ हलत असायचे, आणि अर्ध्याच्या पुढे कुठेतरी तिचा चेहरा थिजायचा. मी पाठ थांबवायचे नाही. थिजलेल्या चेहऱ्यासमोर तशीच म्हणत राहायचे, पण जीभ एकीकडे आणि जीव एकीकडे. दुपारी दुर्गाबाईंचा फोन यायचा तो मी बाल्कनीत जाऊन घ्यायचे, कारण घरात मोबाइलला रेंजच नसते. बाल्कनीत रेंज येते, पण समोर नव्या इमारतीचं काम चालू. काँक्रीटच्या त्या खडखडाटात पाठ म्हणून पाहिला तर ताईने कानातलं यंत्रच उपटून टाकलं.

"बाई, आजबी निम्मीच हाय वाटी," दुर्गाबाई म्हणायच्या. "हाडं लागाय लागल्यात हाताला."

शुक्रवार उजाडला. मी समईत तेल घालत होते, पण लक्ष सगळं फोनकडे, तेल चौरंगावर सांडलं. सलिल पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला होता, तो बघत उभा राहिला. काय वाटलं त्याला कोण जाणे. म्हणाला, "आज मी उशिरा जातो. तुझ्याशेजारी बसतो पाठ होईपर्यंत. तुझा फोन बघतो, माझा नाही."

"सूर्य कुठे उगवलाय बघा जरा," हे पेपरामागून म्हणाले.

लहानपणी मांडीवर झोपून जायचा, त्यानंतर सलिल माझ्या पाठाला कधी बसला नव्हता. आज भिंतीला टेकून बसला. मी फोन लावला. दुर्गाबाईंनी ताईला नीट बसवलं. मी सुरुवात केली. ताईचे ओठ हलले, पहिला चमचा गेला. दुसरा गेला. हे दारात येऊन उभे राहिले. माझा आवाज आपोआप भराभर चालायला लागला, आजच्या दिवस तरी त्या जागेच्या पलीकडे पोचावं म्हणून. मग मीच लगाम ओढला. ताईला घाई चालत नाही.

अर्धं झालं. थोडं पुढे गेले. आणि फोनवर नेहमीची ती पांढरी जाहिरात आली. मी म्हणता म्हणता बोट उचललं, कोपऱ्यातल्या फुलीवर टेकवलं, जाहिरात गेली. ताईचा चेहरा थिजला.

"आई! काय बंद केलंस तू आत्ता?"

मला बोलता येत नव्हतं. मी म्हणत राहिले आणि ह्यांच्याकडे पाहिलं.

"तूच शिकवलंयस," हे म्हणाले. "मला तो भामट्याचा फोन आला, तेव्हा तासभर शिकवणी घेतलीस आमची. आपोआप जे उगवेल त्याला फुली मारायची, कशालाही हो म्हणायचं नाही. तुझी आई काय, एकदा सांगितलं की व्रत."

"रोज येतं हे?"

मी मान हलवली.

"आणि रोज तू..."

मी पुन्हा मान हलवली.

त्याने फोन उचलून ते पान परत आणलं. इंग्रजीत चार ओळी होत्या. ह्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचल्या आणि मराठीत सांगितल्या. "'प्रिय पाहुणे, आपली वेळ संपली आहे. आपण अजून थांबणार आहात का?' वा! पेठेतलं घर सोडून इथे आलो तेव्हापासून हा प्रश्न कोणी विचारतो का बघत होतो."

सलिलचा चेहरा उतरला. त्या भामट्याच्या फोननंतर आमच्या हातून काही भलतं उघडलं जाऊ नये म्हणून त्याने घरात इंटरनेटच्या दोन वाटा केल्या होत्या. एक त्याची आणि स्वरालीची, एक आमच्या दोघांच्या फोनची. आणि आमच्या वाटेला ऑफिसातले नियम जसेच्या तसे लावले होते, बाहेरून भेटायला येणाऱ्यांचे. रोज सकाळी ठरावीक वेळी, नेमकं माझ्या पाठाच्या मध्यावर, विचारायचं, थांबता का? उत्तर आलं नाही तर तासभर दार बंद. मग आपोआप उघडायचं. म्हणून संध्याकाळी तो बघायचा तेव्हा सगळं नीट दिसायचं.

"बाबा, सुरक्षितता म्हणून केलं होतं, खरंच. ते 'पाहुणे' नाव नुसतं ऑफिसातलं आहे..."

"अरे, राग नाही. उलट बरं झालं. पाहुणा असून मी उगाच पडदे धुवायला काढत होतो."

मला लागलं. लागलं नाही म्हटलं तर खोटं होईल. पण लागून घ्यायला वेळ कुठे होता? तिकडे ताईने दात मिटले असणार, वाटी निम्मी असणार, संध्याकाळी डॉक्टर येणार. मी म्हणता म्हणता सलिलचं मनगट धरलं आणि फोनकडे बोट दाखवलं.

तो माझा फोन त्यांच्या वाटेवर घ्यायला लागला. पासवर्ड भलताच लांब. एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. घाम आला त्याला. "झालं, झालं आई, एक सेकंद." तिसऱ्यांदा लागला. त्याने फोन लावून व्यासपीठाला टेकवला. नुसतीच रिंग वाजत राहिली. कोणी उचलेना. पुन्हा लावला.

उचलला तेव्हा फोनमध्ये फक्त छताचा पंखा. आणि दुर्गाबाईंचा आवाज, मोठमोठ्याने देवीची नामं म्हणत होता. पण कशी! शेवटची आधी, मधली कुठेच नाहीत, तेच नाव चारदा. मग फोन कोणीतरी सरळ केला आणि ताई दिसली. लालबुंद. चांगला हात चादरीवर आपटत होता आणि तोंड उघडून ती हं, हं, करत होती, वर्गात हजेरी घेताना मुलींनी गोंधळ घातला की करायची तसं. आणि ते उघडं तोंड पाहून दुर्गाबाई चमचा आत सारत होत्या.

"अवो बाई, तुमी गेलात, मला काय सुचंना," दुर्गाबाई धापा टाकत म्हणाल्या. "रोज ऐकून थोडं येतंय म्हनून मीच म्हनाय लागले. मागलं फुडं झालं आन् ताई अशा चिडल्या! तोंड उघडलं की घातला चमचा. आता सरलं माजं, तुमी म्हना."

मी पोचले होते तिथून आवाज चढवला. एकेक नाव स्वच्छ, जागच्या जागी. ताईने मला पाहिलं. चादरीवरचा हात शांत झाला. कपाळ सैल पडलं. आणि तुटलेल्या पाठानंतर रोज मिटायचे तसे तिने ओठ मिटून घेतले.

"मिटलं बगा," दुर्गाबाई चमचा धरून म्हणाल्या. वाटीत अजून बरंच होतं.

"आता तुटणार नाही आई," सलिल कानाशी म्हणाला. "निवांत म्हण."

लग्नाआधीपासून मी हा पाठ म्हणतेय. तापात म्हटलाय, सलिलच्या वेळी दवाखान्यात म्हटलाय. एक नाव कधी गाळलं नाही. समईकडे पाहिलं, ताईच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं, आणि पुढचं नाव सोडून त्याच्या पुढचं म्हटलं.

ताईच्या भुवया वर गेल्या. तोंड उघडलं. "हं!" चमचा आत गेला. तिने रागारागाने गिळला.

"अगं, एक नाव गळलं!" हे दारातून ओरडले.

सलिल ताडकन उठला. "कट झालं का मध्ये? थांब, थांब, बघतो मी." त्याचा हात शिडीकडे गेला.

मी त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं, आणि पुढचंही नाव गाळलं.